सहा महिन्यांचं बाळ घरी ठेवून कामावर परत जाताना: अंगावरचं दूध तोडावं का?

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्या पाचोऱ्याला राहतात आणि जळगावच्या एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम बघतात. कंपनीत साठ-सत्तर माणसं आहेत. 26 आठवड्यांची रजा अजून तीन आठवड्यांनी संपतेय. बाळ सव्वापाच महिन्यांचं आहे, पूर्ण अंगावर पितं. पुन्हा रेल्वेगाडीने अप-डाउन सुरू होणार: सकाळी साडेसातला घर सोडायचं, संध्याकाळी साडेसहाला परत. बाळ बाटली तोंडात धरतच नाही. सासूबाई म्हणतात, आत्तापासून अंगावरचं तोड आणि वरचं दूध लाव, म्हणजे तू गेल्यावर पोरगं रडून जीव टाकणार नाही. नवरा म्हणतो, तुला वाटेल ते कर. शेवटी ताईंनी दोन प्रश्न विचारलेत: नोकरीच सोडून देऊ का, आणि मी दिवसभर दिसले नाही तर बाळ मला विसरेल का?

मी परिचारिका आहे. जळगाव जिल्ह्यात 28 वर्षं प्रसूती आणि बालविभागात काम केलं. त्यातली शेवटची बरीच वर्षं पाजणाऱ्या आयांना मदत करण्यातच गेली. त्या अनुभवावरून सांगते.

ताई, तुम्ही विचारलंय दुधाबद्दल, पण मला तुमच्या प्रश्नात दुधाची अडचण फार मोठी दिसत नाही. दूध तुम्हाला आहे, बाळ वाढतंय, आणि सहा महिने पूर्ण होताना त्याचं वरचं अन्नही सुरू होणार आहे. खरी अडचण ही की रोजचे अकरा तास बाळ ज्या हातांत राहणार, त्या हातांना काय करायचं ते अजून कुणी शिकवलेलं नाही. सासूबाई घाबरल्यात, म्हणून दूध तोड म्हणतात. तुमच्याकडे तीन आठवडे आहेत. ते दूध तोडण्यात घालवलेत तर हातात काही उरणार नाही. सासूबाईंचे हात तयार करण्यात घालवलेत तर दूधही राहील आणि नोकरीही.

हे इतक्या ठामपणे का म्हणते, ते सांगायला माझी गोष्ट सांगावी लागेल. 1999 मध्ये मी भुसावळच्या एका खासगी दवाखान्यात होते. तेव्हा कायद्याने 12 आठवडेच रजा होती. मुलगा तीन महिन्यांचा असताना कामावर आले. तिसऱ्या दिवशी दुपारी छाती दगडासारखी झाली. एप्रनच्या आत टॉवेल गुंडाळला, तोही भिजला. कपड्यांच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून नुसती उभी राहिले, कारण हाताने दूध कसं काढायचं हे मला येत नव्हतं. शेकडो बायांना "अंगावर पाजा" म्हणून सांगणारी मी, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला, पुढच्या आठवड्यात गळू झालं, चिरावं लागलं. त्या बाजूचं दूध आटलं. घरी मुलाला बाटलीने म्हशीचं दूध सुरू झालं आणि पावसाळ्यात जुलाब होऊन त्याला सलाईन लावावं लागलं. तेव्हा मी सासूबाईंना दोष दिला. आज देत नाही. त्यांनाही कुणी काही सांगितलं नव्हतं, त्यांच्या हाती बाळ आणि बाटली देऊन मी निघून गेले होते.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी आधी बाजूला काढते. बाळ कमी दिवसांचं जन्मलं असेल, वजन कमी असेल, सासूबाईंना गुडघेदुखीमुळे बाळ उचलवत नसेल, घरात दुसरं कुणी नसेल, तर पुढचा सल्ला जसाच्या तसा लागू होणार नाही. माझ्याकडे आलेल्या अशा काही जणींना मीच रजा आणखी दोन महिने वाढवायला सांगितलंय, बिनपगारी का होईना. तुमच्या लिहिण्यावरून तसं काही वाटत नाही, म्हणून पुढे जाते.

दुधाचा हिशेब तुम्हाला सोपा जाईल. एक ते सहा महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाकाठी साधारण 750 ते 800 मिली दूध पितं. म्हणजे आई नसताना तासाला 30 मिलीच्या आसपास धरायचं. तुमचे अकरा तास म्हणजे 330 मिली, 80 ते 100 मिलीच्या तीन-चार वाट्या. निघताना दाराशी एकदा पाजलंत आणि आल्याबरोबर एकदा पाजलंत, तर यातलंही थोडं कमी होतं. बायका इंटरनेटवर भरलेले फ्रीझर बघून घाबरतात. तेवढी गरज नसते. पहिल्या दिवसापुरतं दूध आणि वर एका दिवसाचा साठा, एवढं पुरे. पुढे आज ऑफिसात काढलेलं दूध उद्या बाळाच्या वाटीत जातं. रोजचं चक्र एवढंच आहे. ते चालू राहिलं की दूधही टिकतं, कारण स्तन जितके रिकामे होतात तितकं दूध बनतं. अकरा तास न काढता राहिलात तर शरीर समजतं की आता गरज उरली नाही.

म्हणून पहिली शिकायची गोष्ट हाताने दूध काढणं. पंप नंतर घ्या, घेतलात तर. वीज नसली, पंपाचा भाग घरी राहिला, तरी हात सोबत असतो. फक्त तो रबरी फुग्याचा स्वस्त पंप घेऊ नका, तो आतून स्वच्छ करताच येत नाही.

साबणाने हात धुवा. रुंद तोंडाची स्टीलची वाटी पाण्यात बुडवून 10 मिनिटं उकळून घ्या. पाठ टेकून बसा. बाळ जवळ नसेल तर त्याचं न धुतलेलं झबलं मांडीवर ठेवा. वास आला की पान्हा लवकर फुटतो. स्तन हलक्या हाताने गोल चोळा. मग अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून दोन बोटं मागे, काळा भाग संपतो तिथे. आधी सरळ आत, छातीकडे दाबा. मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे दाबा. सोडा. पुन्हा आत, जवळ, सोडा. कातडीवर बोटं घासायची नाहीत आणि स्तनाग्र ओढायचं नाही. दुखलं तर पद्धत चुकतेय असं समजा.

पहिली एक-दोन मिनिटं काहीही येत नाही. "मला दूधच नाही" म्हणत बहुतेक जणी इथेच वाटी खाली ठेवतात. थांबू नका. आधी थेंब येतात, वाटीच्या तळाला टपटप वाजतात, आणि मग एकदम चार-पाच ठिकाणांहून चिळकांड्या उडायला लागतात. धार मंदावली की बोटं थोडी फिरवून दुसऱ्या जागी धरा. चार-पाच मिनिटं एक बाजू, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. एकूण 20 मिनिटं. सुरुवातीला 20-30 मिली निघालं तरी ठीक आहे. आठवड्याभरात हात बसतो. शिकायला सकाळची वेळ चांगली. पहाटे बाळ एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूचं वाटीत काढा, कारण एका बाजूने बाळ ओढत असताना दोन्हीकडे पान्हा येतो. जमत नसेल तर गावातल्या आशाताईला किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला दाखवायला सांगा. बाळ 3, 6, 9, 12 आणि 15 महिन्यांचं होताना आशाताईने घरी भेट द्यायची असतेच.

आता साठवण. इथे खान्देशातलं ऊन लक्षात घ्यावं लागतं. काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला 4 तास चालतं असं तुम्ही वाचाल. ते 25 अंशांच्या खोलीसाठी आहे. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, पंख्याखालची खोलीसुद्धा 35 च्या वर असते. मार्च ते जून मी हा 4 तासांचा नियम धरतच नाही. दूध काढलं की लगेच गारव्यात गेलं पाहिजे. माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात ठेवलं की पाणी गार राहतं तसं दूधही टिकेल असं वाटतं, पण तो फ्रीज नव्हे.

फ्रीजमध्ये आईचं दूध 4 दिवसांपर्यंत राहू शकतं. आपल्याकडे वीज जाते, घरात फ्रीज दिवसातून पन्नासदा उघडतो, म्हणून मी 24 तासच सांगते. दाराच्या कप्प्यात ठेवायचं नाही, आत मागच्या बाजूला ठेवायचं. एकाच दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या खणात 2 आठवडे, वेगळं दार असलेल्या फ्रीझरमध्ये 3 महिने. गोठलेलं दूध वीज गेल्यामुळे वितळलं तर पुन्हा गोठवू नका. गार असेल तर फ्रीजमध्ये ठेवून 24 तासांच्या आत वापरा. झाकणाच्या छोट्या स्टीलच्या किंवा काचेच्या डब्या घ्या, प्रत्येकीत 60 ते 90 मिली, वर चिकटपट्टी लावून तारीख आणि वेळ. जुनी डबी आधी.

सासूबाईंना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या दूध नासलं म्हणून ओतून देतील. एक, ठेवलेल्या दुधावर साय वेगळी दिसते, खाली पाणचट दिसतं. डबी हलकेच फिरवली की एक होतं. दोन, गोठवलेल्या दुधाला कधीकधी साबणासारखा वास येतो, त्यानं बाळाला अपाय नाही. कोमट करायला डबी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये नाही. आणि बाळाने वाटीत उष्टं ठेवलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्यायचं. तुमच्या कष्टाचं दूध ओतताना त्यांचा जीव तुटेल, म्हणून एका वेळी वाटीत थोडंच घ्यायला सांगा.

बाळ बाटली घेत नाही याचं तुम्हाला वाईट वाटतंय. मला बरं वाटलं. बाटली नीट धुणं, उकळणं, माशा न बसू देणं हे रोज चार वेळा करणं अवघड, आणि एकदा बाटलीचं सोपं ओढणं जमलं की बरीच बाळं अंगावर ओढायचा कंटाळा करतात. आपल्या देशात बाटल्या आणि बाळांच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करायला 1992 च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. वाटी-चमचा किंवा छोटं फुलपात्र पुरेसं आहे.

मी शिकवते ते असं. बाळाला ताठ बसवून मांडीवर धरायचं, हात दुपट्यात सैल गुंडाळायचे. वाटीची कड खालच्या ओठावर हलकी टेकवायची आणि दूध ओठाला लागेपर्यंतच वाटी कलती करायची. तोंडात ओतायचं नाही. बाळ जीभ बाहेर काढून स्वतः चाटतं, मग घोट घेतं. अमळनेरकडच्या एका खेड्यातल्या आजींना मी हे पहिल्यांदा करायला लावलं, तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. सून दाराबाहेर उभी होती. नातवाने दोनदा तोंड फिरवलं, तिसऱ्यांदा जीभ लावली, आणि मग चटाचटा पिऊ लागला. आजींनी लुगड्याच्या पदराने त्याची हनुवटी पुसली, दाराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तू जाय माय, पोऱ्याले मी सांभायसू." ती सून दुसऱ्या सोमवारी कामावर गेली.

त्या दिवशी सून दाराबाहेर होती, हे महत्त्वाचं. आई समोर असेल तर बाळ वाटीतून का पिईल? त्याला तुमचा वास येतो. म्हणून तुम्ही आज-उद्यापासून रोज सकाळी अकरा वाजता घराबाहेर पडा. आतल्या खोलीत बसू नका, खरंच बाहेर जा, बाजारात, मैत्रिणीकडे. सासूबाईंनी एक वाटी द्यायची. बाळ फार भुकेजलेलं नसताना, झोपेतून नुकतं उठलेलं असताना द्यायची. पहिले तीन-चार दिवस तो रडेल, सांडेल. चिडायचं नाही, दहा मिनिटांनी थांबायचं, तासाने पुन्हा. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही चार तास बाहेर राहा, दोन वाट्या. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस पूर्ण अकरा तास, अगदी गाडीने जळगावला जाऊन या. तुमचा वापरलेला मऊ सुती दुपट्टा सासूबाईंच्या खांद्यावर टाकून जा, वासाने बाळ शांत होतं. एवढं झालं की कामाचा पहिला दिवस तुमच्यासाठी नवा असेल, बाळासाठी नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांची भीती खरी आहे: तुम्ही गेल्यावर रडणारं पोर घेऊन अकरा तास त्यांनाच बसायचंय. पहिली वाटी पोटात गेली की भीती आपोआप निम्मी होते. बाकी त्यांना त्यांच्या पद्धतीने करू द्या. झोळीत झोपवतील, अंगाई म्हणतील, तेल लावतील, दृष्ट काढतील. आपल्याहून वेगळं झालं तरी चालतं. फक्त चार गोष्टींवर ठाम राहा: बाटली नाही, वर्षाच्या आत मध आणि घुटी नाही, वर्षाच्या आत पोट भरण्यासाठी गाई-म्हशीचं किंवा शेळीचं दूध नाही, डोळ्यांत काजळ नाही. आणि सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाणीही नाही, कितीही ऊन असो. आईच्या दुधात 87-88 टक्के पाणीच असतं. बाळाला चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल तर त्याला पाणी पुरतंय.

सहा महिने पूर्ण झाले की अन्न सुरू करा, तुमच्या हाताने, सुट्टीच्या दिवशी. कामाचा पहिला दिवस आणि अन्नाचा पहिला घास एकाच दिवशी नको. मऊ वरण-भात, मुगाची खिचडी कुस्करून, नाचणीची घट्ट पेज, आपलं रावेर-यावलचं पिकलेलं केळं. वरून अर्धा चमचा तूप. मीठ-साखर वर्षापर्यंत नको, गूळही नको. दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात, हळूहळू अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. चमच्यावरून पडणार नाही इतकं घट्ट हवं. आता उकळून गार केलेलं पाणी घोट-घोट चालेल. तुम्ही कामावर जाल त्याच सुमाराला हे सुरू होतंय, हा मोठा दिलासा आहे. महिन्याभरात तीनातली एक वाटी कमी झालेली दिसेल.

आता ऑफिस. रुजू व्हायच्या निदान दहा दिवस आधी लेखी अर्ज द्या. मातृत्व लाभाच्या 1961 च्या कायद्यात 2017 मध्ये दुरुस्ती होऊन 26 आठवडे रजा आली, ती तुम्हाला मिळाली. बऱ्याच जणींना ठाऊक नसतं ते पुढचं: बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीव्यतिरिक्त बाळाला पाजण्यासाठी दिवसातून दोन विराम मिळतात. 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा द्यावी लागते. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर घरून काम करण्याबद्दल मालकाशी बोलणी करता येतात. हिशेबाच्या कामात हे विचारायला हरकत नाही, आठवड्यातून एक दिवस मिळाला तरी पुष्कळ. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. तुमच्या कंपनीत साठच्या वर माणसं आहेत, त्यामुळे पाळणाघराचं विचारा, पण सहा महिन्यांच्या बाळाला रोज गाडीच्या गर्दीतून पाचोरा-जळगाव न्यावं असं मी म्हणणार नाही. ते दोन विराम मात्र दूध काढण्यासाठी मागून घ्या.

अर्जात मोघम लिहू नका. "सकाळी साडेदहा आणि दुपारी साडेचारला 20-20 मिनिटं, आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची आणि फ्रीजमध्ये एक डबा ठेवायची जागा" एवढं स्पष्ट लिहा. तिसऱ्यांदा जेवणाच्या सुट्टीत काढा. साहेबांना बोलायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे. लेखी दिलं की बोलावं कमी लागतं, आणि साहेबांनाही काय द्यायचं ते कळतं. रेकॉर्ड रूम चालेल, स्टोअर चालेल. संडास-बाथरूममध्ये दूध काढायचं नाही. तिथे तुम्ही जेवाल का?

ऑफिसात फ्रीज नसेल तर बर्फाच्या पिशव्या घातलेली जाड अस्तराची छोटी बॅग घ्या. पिशव्या गोठलेल्या राहिल्या तर दूध चांगलं राहतं. छोटा पाण्याचा कॅम्पर अर्धा बर्फाने भरून त्यात घट्ट झाकणाच्या डब्या ठेवणाऱ्याही माझ्या ओळखीच्या आहेत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, भर उन्हात रुजू झालेल्या एकीने तसंच निभावलं. एखाद्या दिवशी गाडी दोन तास उशिरा आली आणि बर्फ वितळून दूध कोमट झालं, तर ते ओता, रडू नका. काढण्याचा उपयोग झालेला असतो, उद्याचं दूध त्यामुळे बनतं.

रुजू व्हायचा दिवस तुमच्या हातात असेल तर गुरुवार निवडा. तीन दिवस काम, मग रविवार. गडद, छापील कुर्ता, वर ओढणी, आत सुती कापडाच्या घड्या, आणि बॅगेत जादा कुर्ता. गाडीत दुसऱ्याचं बाळ रडलं तरी तुम्हाला पान्हा फुटेल. म्हसावद-शिरसोलीच्या दरम्यान गर्दीत असं झालं की हाताची घडी घालून तळव्यांनी छातीवर मिनिटभर सपाट दाबून धरा, थांबतं. एखाद्या जागी गाठ लागली तर त्या बाजूने आधी पाजा, पाजून झाल्यावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, दूध काढणं बंद करू नका. सोबत ताप असेल आणि दिवसभरात उतरला नाही तर डॉक्टरांकडे जा. माझ्यासारखं आठवडाभर अंगावर काढू नका.

कामावर जायला लागल्यावर बाळ रात्री जास्त वेळा उठेल. दिवसाची कसर ते रात्री भरून काढतं. याचा अर्थ दूध कमी पडतंय असा घेऊ नका. रात्री पाजल्याने उलट दूध टिकतं. पण तुमची झोप मोडणार, आणि इथे मला तुमच्या यजमानांबद्दल बोलायचंय. "तुला वाटेल ते कर" हे ते प्रेमानेच म्हणत असतील, पण त्यात त्यांचं स्वतःचं काम कुठे आहे? बाळाला अंगावर पाजणं एवढंच काय ते फक्त तुम्हीच करू शकता, बाकी सगळं ते करू शकतात. वाट्या-डब्या उकळणं, सकाळचा डबा भरणं, रात्री पाजल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, स्टेशनवर सोडणं-आणणं. हे चार त्यांच्याकडे सोपवा, कामांची नावं घेऊन. ज्या घरात हे झालं त्या घरातली बाई सहसा टिकते. ज्या घरात झालं नाही तिथे दोष नोकरीला दिला जातो.

नोकरी सोडावी का? पहिले सहा आठवडे हा निर्णय घेऊ नका, एवढंच मी सांगेन. सगळ्यात वाईट दिवस पहिल्या पंधरवड्यात येतात, आणि त्या दिवसांत घेतलेला निर्णय बऱ्याच जणींना नंतर टोचतो. सहा आठवड्यांनी बाळाचं वजन थांबलेलं असेल, सासूबाई थकल्या असतील, तुम्हाला रोज रडू येत असेल, तर सोडायला काही हरकत नाही, त्यात हार नाही. दरम्यान वर्षभर जळगावातच खोली घेता येते का, याचाही हिशेब मांडून बघा; जाण्यायेण्याचे दोन-तीन तास वाचतात. एखाद्या दिवशी तुमचं दूध कमी पडलं आणि डॉक्टरांनी डब्याचं दूध सांगितलं, तर ते वाटी-चमच्याने द्या, मनाला लावून घेऊ नका.

आणि "आई बाहेर गेली की लेकराचे हाल होतात" असं कुणी म्हणालं तर आपल्याच शेतांकडे बघा. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया पिढ्यान्‌पिढ्या बांधावरच्या कडुलिंबाला झोळी बांधून लेकरं वाढवत आल्यात. त्यांना कुणी 26 आठवडे दिले नाहीत, आजही देत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तुम्हाला जे मिळालंय ते पूर्ण वापरा.

राहिला शेवटचा प्रश्न. बाळ तुम्हाला विसरणार नाही. पण पहिल्या दोन-तीन दिवशी तुम्ही घरी आल्यावर ते तोंड फिरवेल, आजीच्या खांद्याला चिकटेल. ते रागावलंय, विसरलेलं नाही. त्याच्यामागे लागू नका. हातपाय धुवा, एक तांब्याभर पाणी प्या, घरातले कपडे घाला आणि त्याच्या नजरेसमोर खाली बसा. उन्हातून आल्यावर दूध गरम झालेलं असतं, पहिली धार धरणीला सोड, असं कुणी सांगेल. तसं काही होत नाही, उन्हाने अंगातलं दूध तापत नाही. आल्यावर स्वयंपाकघरात शिरू नका. आठचा स्वयंपाक साडेआठला होऊ द्या. पाच-दहा मिनिटांत ते तुमच्याकडे झेपावेल, आणि मग तासभर सोडणार नाही.

बाळाचं जन्माचं आणि आत्ताचं वजन कळवा. सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा 1 मिली लोहाचं औषध सुरू होतं, तेही आशाताईकडे मागून ठेवा. वजन कळलं की अन्नाचं प्रमाण आणखी नेमकं सांगते.